उजेडाची दिशा

चौदाव्या दिवशी सुकुमार मगदूमने करड्या चेंडूंना पहिली शिवी घातली. शिवी अस्सल सांगलीची होती, त्यामुळे ती इथे लिहिता येणार नाही. त्याची बायको विपुला शेजारीच बसली होती. तिला हसू आलं, कारण गेले तेरा दिवस हा माणूस हूं की चूं करत नव्हता आणि आता निदान चिडला तरी होता.

खरं तर चेंडू दिसले तेव्हा पेढे वाटायला हवे होते. आठ वर्षं ज्याच्यापुढे मिट्ट काळोख होता त्याला करडा का होईना, चेंडू दिसत होता. पण रोज चार तास तेच. चेंडू, मग डबा, मग पायरी, मग पालथी वाटी, मग उताणी वाटी, की पुन्हा चेंडू. कड डावीकडे आहे की उजवीकडे, वस्तू पुढे सरकली की मागे, असले प्रश्न यंत्राने विचारायचे आणि सुकुमारने बटण दाबायचं. दवाखान्यात या प्रकाराला 'धडे' म्हणत. राही, त्यांची सात वर्षांची मुलगी, शाळेत सगळ्यांना सांगत सुटली होती की बाबा परत बालवाडीत गेलाय.

सुकुमार एके काळी नाटकांची प्रकाशयोजना करायचा. सांगलीच्या हौशी नाटकवाल्यांत त्याचं नाव होतं. नाटक सपशेल पडलं तरी प्रकाशयोजनेचं बक्षीस तेवढं घरी यायचं, त्यामुळे दोन-तीन दिग्दर्शक त्याला पाण्यात पाहत. विपुला त्याला भेटली ती अशाच एका एकांकिका स्पर्धेत. ती तेव्हा इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला होती आणि दिवे आपोआप लावणारा-विझवणारा एक प्रोग्रॅम मोठ्या अभिमानाने लिहून घेऊन आली होती. त्याने त्या प्रोग्रॅमकडे ढुंकूनही पाहिलं नाही. तिला रिकाम्या रंगमंचावर उभं केलं, एकेक दिवा लावून दाखवला आणि उजेड कसा बघायचा ते शिकवलं. पुढे लग्न झालं. लग्नानंतर वर्षभरात त्याला तिन्हीसांजेला पायऱ्या चुकायला लागल्या. डोळ्यांचा पडदा हळूहळू सुकत जाणारा आजार, त्याच्या चुलत्यालाही होता. चौतिसाव्या वर्षी उरलंसुरलं दिसणंही गेलं, आणि त्यानंतर सहा महिन्यांनी राही जन्मली.

म्हणजे सुकुमारने आपल्या मुलीला कधी पाहिलंच नव्हतं. कवटी उघडून घ्यायला माणूस उगाच तयार होत नाही. तो झाला तो एवढ्यासाठी.

या ऑपरेशनचा डोळ्यांशी काही संबंध नव्हता. डोळे गेले, त्यांची नस गेली, तरी मेंदूच्या मागच्या बाजूला जिथे चित्र उलगडतं तो भाग शाबूत असतो. तिथे केसाहून बारीक अशा दहा हजार तारांची चकती बसवायची. एका तारेतून विजेचा हलका स्पर्श झाला की माणसाला उजेडाचा एक ठिपका दिसतो, हव्या त्या रंगाचा. चष्म्यात बसवलेला कॅमेरा समोरचं दृश्य टिपणार, चकतीला कळवणार आणि दहा हजार ठिपक्यांचं चित्र उभं राहणार. दहा हजार काही थोडे नाहीत. पण ठिपके दिसले म्हणून समोरचा माणूस दिसतो असं नाही. तान्हं मूल वर्षभर सगळं घर बघत, चाटत, आपटत शिकतं की ठिपक्यांचा कुठला मेळ म्हणजे वाटी आणि कुठला म्हणजे आई. मोठ्या माणसाचा मेंदू तेवढा मऊ राहिलेला नसतो. त्यासाठी एक औषध निघालं होतं. ते शंभर दिवस घेतलं की मेंदूचा तेवढा भाग पुन्हा तान्ह्या मुलासारखा होतो, जुन्या गाठी सुटतात, नव्या बसतात. शंभर दिवसांनी औषध थांबलं की बसलेल्या गाठी कायमच्या. दुसऱ्यांदा दिलं तर फिट्स येतात आणि त्या थांबत नाहीत, म्हणून हे औषध आयुष्यात एकदाच.

मिरजेच्या दवाखान्यातल्या डॉक्टर आयेशा मुजावर यांनी हे सगळं दोघांना समोर बसवून, पाणी पाजून समजावलं होतं. या शंभर दिवसांत कॅमेरा बंद राहील, कारण बाहेरच्या जगाचा पसारा शिकणाऱ्या मेंदूला झेपत नाही. घरी डब्याएवढी एक पेटी मिळेल, ती डोक्याला बांधायच्या पट्ट्यातून धडे थेट चकतीकडे पाठवेल.

"जुनी पाटी पुसली जाणार आहे," त्या म्हणाल्या होत्या. "नवीन काय लिहायचं ते आम्ही फार विचार करून ठरवलंय. तुम्ही फक्त गिरवायचं."

गिरवायचं. आता विपुला काय करायची तेही सांगायला हवं, कारण सगळं तिथेच फसलं.

विपुला चित्रं काढायची, पण तिच्याकडे रंग नव्हते आणि कागदही नव्हता. ती प्रोग्रॅम लिहायची. कॉम्प्युटरच्या पोटात एक रिकामी पोकळी, त्यात तिने टांगलेले आकार, आणि त्यांच्यावर सोडलेला उजेड. हा उजेडही हिशेबाचाच. प्रत्येक किरण कुठून निघाला, कशावर आदळला, त्यातला किती रंग त्या वस्तूने गिळला आणि उरलेला कुठे वळला, हे सेकंदाला अब्जावधी वेळा मोजत गेलं की पडद्यावर चित्र उमटतं. बाकीचे लोक याच तंत्राने जाहिरातीतल्या खोट्या गाड्या आणि विकायच्या फ्लॅटचे खोटे दिवाणखाने बनवतात. विपुला जगात नसलेल्या गोष्टी बनवायची. तिच्या पोकळीत जमीन नव्हती, आभाळ नव्हतं, सूर्य नव्हता. फार पूर्वी, अगदी पहिल्या प्रोग्रॅममध्ये, तिने एक ओळ लिहिली होती की उजेड कुठून यावा हे मशीननेच ठरवावं, आणि क्षणाक्षणाला नव्याने ठरवावं. त्यामुळे तिचे आकार फुगतायत की खचतायत ते कळायचं नाही, आणि बघणारा तिथेच खिळून राहायचा. त्या एका ओळीने तिला नाव मिळवून दिलं. कोचीत, लिस्बनला, सोलला तिची प्रदर्शनं झाली.

ती सगळी सुकुमारचे डोळे गेल्यावर. ती त्याच्याजवळ बसून चित्र शब्दांत सांगायची, तो मन लावून ऐकायचा आणि म्हणायचा, "छान असणार." हे 'असणार' तिला आठ वर्षं टोचत होतं. जगाने डोक्यावर घेतलं होतं, पण ज्याने उजेड बघायला शिकवलं त्याने तिचं एकही काम पाहिलेलं नव्हतं.

शिवी घातली त्याच दिवशी सुकुमार म्हणाला, तुझं काहीतरी दाखव की, पाच मिनिटं. तिने डॉक्टरांचं नाव पुढे केलं. चार दिवस तो मागत राहिला आणि ती नाही म्हणत राहिली. अठराव्या दिवशी त्याने डोक्याचा पट्टा काढला, पेटी बाजूला सारली आणि भिंतीकडे तोंड करून पडून राहिला. राहीला सांग, बाबाला जमलं नाही, एवढंच म्हणाला. दुसऱ्या दिवशीही तेच. शंभरातला एकेक दिवस असा वाया जातोय म्हणून विपुलाने पेटी हातात घेतली. निदान तिने स्वतःला कारण तरी हेच सांगितलं.

पेटीचं कुलूप तिच्यासारखीला दहा मिनिटांचं काम होतं. तिने पाच मिनिटांचा एक जुना तुकडा आत घातला, त्याच्या डोक्याला पट्टा बांधला आणि शेजारी बसली. सुकुमार हलला नाही. बऱ्याच वेळाने त्याचा हात चाचपडत तिच्या हातापर्यंत आला.

"हे तू करायलीस इतकी वर्षं?" तो म्हणाला. "विपू, मी आपला अंदाजानं छान म्हणत होतो गं."

आणि तो रडला. विपुलाही रडली. आठ वर्षांत ती एवढी सुखी कधीच झाली नव्हती, हे तिला तेव्हा कळलं आणि पुढेही ते नाकारता आलं नाही.

पाच मिनिटांचा तास व्हायला आठवडा लागला. विपुला बेफिकीर बाई नव्हती. तिने धड्यांची आणि आपल्या कामाची रीतसर तुलना करणारा प्रोग्रॅम लिहिला. धड्यांत कडा किती, हालचाल किती, गडद आणि उजळ यांच्यातला फरक किती, सगळं मोजलं आणि आपल्या चित्रांत तेवढंच भरलं. कड डावीकडे की उजवीकडे हे प्रश्नही बसवले. आकडे दोन्हीकडे तंतोतंत जुळले तेव्हा तिने समाधानाने चहा केला. मोजायची एकच गोष्ट राहिली होती. उजेडाची ती ओळ इतकी जुनी होती, इतकी तिची स्वतःची होती, की मोजण्यासारखं तिथे काही आहे असं तिच्या मनातही आलं नाही. तिसाव्या दिवसापासून करडे चेंडू पूर्ण बंद झाले.

दर शुक्रवारी मिरजेला तपासणी असायची. ठिपके, रेघा, हालचाल, वेग. सुकुमार सगळ्या पेशंटांच्या पुढे होता. डॉक्टर मुजावरांनी आपल्या हाताखालच्या दोघांना बोलावून त्याचे आलेख दाखवले आणि घरी काय खायला घालता म्हणून विपुलाला विचारलं. परतीच्या रिक्षात दोघं शाळकरी पोरांसारखी हसत होती. रिक्षाला चालक नव्हता, त्यामुळे कुणी वळून बघायचाही प्रश्न नव्हता.

पुढचे दोन महिने त्यांचे फार चांगले गेले, हे लिहायला नको वाटतं, पण गेले. राही शाळेत गेली की दोघं खोलीत बसायची. सुकुमार पूर्वीच्या तालमीतल्यासारखा बोलायला लागला. हा कोपरा जड झालाय, इथला निळा जरा मागं घे, हे फार लवकर संपलं. ती लगेच बदलायची आणि तो पुन्हा बघायचा. तिचं इतकं चांगलं काम पूर्वी कधी झालं नव्हतं. दुपारी राही घरी आली की दारावर थाप मारायची आणि विचारायची, मला कधी बघणार? तिचे पुढचे दोन दात पडले होते आणि ते यायच्या आत बाबाने बघू नये अशी तिची इच्छा होती, त्यामुळे दिवस लांब आहे म्हटलं की ती रुसायची आणि जवळ आला म्हटलं की घाबरायची.

एकशेएकाव्या दिवशी सकाळी तिघं मिरजेला गेली. राहीने आंब्याच्या रंगाचा फ्रॉक घातला होता. डॉक्टरांनी चष्म्याचा कॅमेरा सुरू केला. सुकुमार खिडकी कुठे ते सांगू शकला, गजांच्या रेघा मोजू शकला, डॉक्टर खोलीतून चालल्या तेव्हा त्यांच्या मागे मान फिरवू शकला. त्याने स्वतःचा हात समोर धरून पाच बोटं मोजली तेव्हा नर्सने टाळ्या वाजवल्या. मग विपुलाने राहीला त्याच्यापुढे आणून उभं केलं.

तो पुढे झुकला. हसू ओठांवर तसंच होतं, पण ते हळूहळू ताठ झालं. मग त्याची मान मागे गेली.

"हे हलायलंय," तो म्हणाला. "आत जायलंय. विपू, मधे खड्डा आहे."

"बाबा, मी आहे," राही म्हणाली.

आवाज त्या खड्ड्यातून आला. सुकुमारने हात आडवा धरला, कुत्रं अंगावर आल्यावर धरतात तसा. त्याने डोळे घट्ट मिटले. पण चित्र डोळ्यांतून येतच नव्हतं, त्यामुळे पापण्या मिटून काही उपयोग झाला नाही, आणि शेवटी त्याला चष्मा ओरबाडून काढावा लागला. राही दोन पावलं मागे सरली आणि तिने आईचा हात धरला नाही, खुर्चीची पाठ धरली.

घरी जाताना रिक्षात ती स्वतःच्या नाकावरून बोट फिरवत होती. विश्रामबागेच्या जवळ आल्यावर तिने विचारलं, "मी वाईट दिसते काय गं?"

विपुलाने तिला जवळ घेऊन सांगितलं की बाबाला अजून सवय व्हायचीय. तिचा स्वतःचा त्यावर विश्वास होता.

सवय झाली नाही. विपुलाचा चेहराही त्याला तसाच दिसायचा, शेजारच्या काकूंचाही, आरशातला स्वतःचाही. भाजीची वाटी भरलेली की पालथी ते कळायचं नाही. जिना वर जातोय की खाली, या घोळात तो तिसऱ्या दिवशी पडला आणि मनगट सुजवून बसला. काठी घेऊन आंधळा म्हणून तो जिना रोज उतरत होता, चष्मा लावून पडला.

पाचव्या दिवशी राही शाळेत गेल्यावर त्याने खोलीचे पडदे ओढायला सांगितले, टॉर्च मागवला आणि विपुलाला समोरच्या खुर्चीवर बसवलं. टॉर्च डोक्यावर धर. आता हनुवटीखाली. आता कानाजवळ. प्रत्येक वेळी तो चष्म्यातून बराच वेळ बघायचा आणि पुढचं सांगायचा. रंगमंचावर त्या पहिल्या दिवशी त्याने जसे दिवे लावले होते तसंच चाललं होतं, फक्त आता दिवा तिच्या हातात होता.

"पायातला दिवा लावला की नटाचा चेहरा भुतासारखा का दिसतो, सांगितलेलं तुला," तो शेवटी म्हणाला.

तिला ते पाठ होतं. सूर्य वर असतो, दिवा वर असतो, म्हणून उजेड वरूनच येणार हे आपलं डोकं न विचारता धरून चालतं. वरची बाजू उजळ आणि खालची काळोखी दिसली तर ते उंचवट्याचं, उलट असेल तर खळग्याचं, असा त्याचा ठोकताळा. आप्पेपात्राचा फोटो उलटा धरला की खळग्यांच्या जागी टेकाडं दिसतात ती यामुळेच. नाक पुढे आहे, डोळे खोबणीत आहेत, हे आपण सावलीवरून ओळखतो. हा ठोकताळा नसेल तर चेहरा म्हणजे नुसती डागांची खळबळ.

"मला उजेड वरून आला काय, खालून आला काय, काही फरक पडंना," सुकुमार म्हणाला. "तुझा चेहरा एकदा बाहेर येतो, एकदा आत जातो. तुझ्या चित्रांत उजेड कुठनं येतो, विपू?"

"कुठूनही."

"म्हणजे?"

"दर क्षणाला नवीन जागा. मशीन ठरवतं." बोलता बोलताच तिला ती ओळ डोळ्यांपुढे दिसली आणि तिने टॉर्च विझवला.

त्याने चष्मा काढून मांडीवर ठेवला. करड्या चेंडूंवर उजेड नेहमी वरूनच यायचा, डाव्या बाजूने थोडा, तो म्हणाला. तो शहाणा माणूस, आयुष्यभर दिवे टांगलेला, त्यालाही तेव्हा ते जाणवलं नव्हतं. कंटाळवाणी प्रकाशयोजना म्हणून त्याने शिव्या घातल्या होत्या.

"माझ्या डोक्यातला वरचा दिवा आपण दोघांनी उतरवला," तो म्हणाला.

एकट्या तिला दोष दिला असता तर तिला सोसलं असतं. त्याने दोघांनी म्हटलं, आणि तिला तिथे बसवेना.

"अजून एक सांगतो, मग परत काढणार नाही," तो म्हणाला. "तुझा चेहरा माझ्याकडं होता. आठ वर्षं रोज आठवायचो, एक दिवस चुकला नाही. आता आठवायला गेलो की तोपण तसाच हलतोय."

आठवणीतलं चित्रही मेंदूच्या त्याच भागात उलगडतं. औषधाने जुनी पाटी पुसली, त्या पाटीवर तिचा चेहरा होता, आणि त्या जागी तिने स्वतःच्या हाताने आपली चित्रं काढून ठेवली होती.

विपुलाने डॉक्टर मुजावरांना सगळं सांगितलं. त्यांनी तिचा प्रोग्रॅम मागून घेतला, ओळ न् ओळ वाचली आणि कपाळाला हात लावून बसल्या. मला एकदा विचारायचं तरी, असं त्या म्हणाल्या. तुम्ही नाही म्हणाला असता, असं विपुला म्हणाली. तपासणीत सावलीची परीक्षा का नव्हती, असं डॉक्टर स्वतःलाच विचारत राहिल्या. धडे गिरवलेला एकही माणूस आजवर तिच्यात नापास झाला नव्हता, म्हणून कुणाला गरज वाटली नव्हती. त्यांनी दोन महिने जुने धडे पुन्हा करून घेतले. सुकुमारने एकही दिवस चुकवला नाही, एकही शिवी घातली नाही, आणि एकही गाठ नव्याने बसली नाही. शेवटच्या शुक्रवारी डॉक्टरांनी हात टेकले. त्या वेळी त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं, पण सुकुमारला ते दिसणं शक्य नव्हतं आणि विपुलाने सांगितलं नाही.

मग घराला नवी वळणं पडली. सुकुमारला नीट दिसायची ती फक्त विपुलाची चित्रं. तिथे सगळं जागच्या जागी असायचं, काही अंगावर यायचं नाही. जेवण झालं की तो पट्टा बांधून बसायचा आणि दोन-दोन तास उठायचा नाही. जुनी संपली की नवीन मागायचा. दुसरं काय मागणार होता? विपुला बनवत राहिली. ज्या ओळीचा तिला एके काळी गर्व होता तिची आता तिला किळस यायची, पण ती काढली तर त्याला तेही दिसलं नसतं. लिस्बनहून पत्र आलं की एकाच मेंदूसाठी घडलेली कला म्हणून हे सगळं प्रदर्शनात मांडू या. तिने उत्तर दिलं नाही.

बाकीच्या वेळी सुकुमार कॅमेऱ्याचा चष्मा लावून घरात वावरायचा, कारण दार आणि टेबल निदान चुकत नसत. राहीच्या पावलांचा आवाज आला की त्याचा हात आपोआप चष्म्याकडे जायचा. तिला दुखवायचं नाही म्हणूनच तो घाई करायचा. पण राहीने ते चौथ्या-पाचव्या वेळी ओळखलं. मग ती खोलीबाहेरूनच आवाज द्यायला लागली.

"बाबा, चष्मा काढ, मी यायलेय."

हे ती इतक्या सहज म्हणायची, चपला काढा म्हणावं तसं. तो चष्मा काढायचा, पूर्वीसारखा आंधळा व्हायचा, आणि मग ती त्याच्या मांडीवर जाऊन बसायची. तिचे दात एव्हाना आले होते.

दिवाळीच्या सुट्टीत एके दुपारी राही आईच्या कॉम्प्युटरजवळ येऊन उभी राहिली. बराच वेळ पडद्याकडे बघत होती.

"बाबाला हे सगळं दिसतं ना? मग मला ह्यात घाल की."

विपुलाने आधी नाही म्हटलं. मग विचार करत बसली, आणि विचार करता करता तिला आशा वाटायला लागली. आशा ही फार वाईट गोष्ट, पण ती वाटते तेव्हा तसं कळत नाही. सुकुमारचा मेंदू सावली वाचत नसेल, पण रंगाची आणि हालचालीची भाषा तो वाचत होता, तीच तर त्याला शिकवली होती. मग चेहराच त्या भाषेत लिहायचा. जे पुढे आहे ते उबदार रंगाचं, जे मागे आहे ते थंड. उजेड बाहेरून पडणार नाही, आतूनच झिरपेल. आणि हालचाल मात्र खरीखुरी, राहीचीच.

तीन आठवडे ते चाललं होतं. राही स्टुलावर बसायची आणि विपुला फोन घेऊन तिच्याभोवती फिरायची. हस. आता नको हसू. आता बाबाला हाक मार, पण आवाज न करता. एरवी एका जागी पाच मिनिटं न टिकणारी पोर तास-तास हलायची नाही. तिने बाबाला काही कळू द्यायचं नाही अशी आईला शपथ घातली होती. त्याने आपल्याला स्वतःहून ओळखावं असं तिला वाटत होतं.

रविवारी सकाळी सगळं तयार झालं. कॅमेरा बंद असणार होता, तरी राहीने केस विंचरून दोन वेण्या घातल्या. सुकुमारने पट्टा बांधला. राही त्याला चिकटून बसली आणि तिने त्याची करंगळी धरली. विपुलाने पेटी सुरू केली. तेच चित्र समोरच्या पडद्यावरही येत होतं. तुम्हाआम्हाला त्यात एक केशरी-निळा आकार उमलताना दिसला असता, बस. पण विपुला आई होती. त्या आकाराच्या डाव्या कडेला जी बारीकशी थरथर आधी सुरू होते आणि मग सगळीकडे पसरते, ते राहीचं हसू होतं, आणि ते तिला कुठेही ओळखू आलं असतं.

सुकुमार बघत राहिला. मिरजेच्या त्या सकाळपासून त्याच्या कपाळावर जी आठी बसली होती ती हळूहळू गेली. त्याचे ओठ विलग झाले. राही पडद्याकडे बघतच नव्हती. ती मान वर करून त्याच्याकडे बघत होती.

"विपू," तो हलक्या आवाजात म्हणाला, "आजवरचं तुझं सगळ्यात चांगलं काम आहे हे."

आयुष्यभर तिला त्याच्या तोंडून हेच ऐकायचं होतं.

"काय आहे गं हे?" त्याने विचारलं.

विपुलाने सांगायला तोंड उघडलं. राहीने तिच्याकडे पाहून जोरात मान हलवली, नाही म्हणून. मग ती त्याच्या करंगळीशी खेळत म्हणाली, "काही नाही, बाबा. आईनं असंच नवीन केलंय."

"सुंदर आहे," सुकुमार म्हणाला. "परत लाव की."

विपुलाने ते परत लावलं.